काशीला सोडलेलं दूध

३ ऑक्टोबर २००६, मंगळवार

माझी डावी चप्पल अलीकडे स्वैर वागू लागली आहे, हे अत्यंत खेदाने नोंदवून ठेवतो. उजवी निष्ठावंत आहे, नेईन तिथे येते. डावी मात्र मध्येच कुठेतरी मुक्काम करते आणि निघताना सांगतसुद्धा नाही. आज राम आळीतून येत होतो, तर एका दुकानदाराने हाक मारली, “अहो वार्ताहर, तुम्ही पुढे आलात, चप्पल मागे ऱ्हायली!” खाली पाहिलं तर डावा पाय अनवाणी. ऑक्टोबरचं ऊन, तापलेलं डांबर, तरी पायाने हूं की चूं केलं नव्हतं. चांभाराला दाखवली. तो म्हणाला, पट्टा ठणठणीत आहे. रोग समजत नसला की वैद्य असंच बोलतात.

दुसरी गोष्ट एवढी क्षुल्लक नाही. लांज्याहून भागोजींचा फोन आला. तालुक्याच्या पाठांतर स्पर्धेत पहिली आली त्यांची दर्शना, आणि मी छापून आणली दुसऱ्याच मुलीला. “पोरगी सकाळपासून जेवली नाय वो,” म्हणाले. खुलासा पाठवला. पण पाठांतराच्या स्पर्धेचा निकाल विसरणारा वार्ताहर म्हणून माझंच एक चौकटीतलं वृत्त व्हायला हरकत नाही. तीस वर्षं मी सभेला कागद-पेन्सिल न नेता बसत आलो. पाठशाळेत लागलेली ती सवय, आणि खरं सांगायचं तर मिजासही. ती गेली, तर माझ्याजवळ उरतं काय? एक सायकल आणि अर्धी चप्पलजोडी.

सावित्रीला सांगितलं. “तुमच्या लक्षात राहतं तरी काय हल्ली?” म्हणाली. बायकोच्या असल्या सरसकट विधानांचं खंडन न्यायशास्त्रातही सापडत नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

संपादकांना रविवारच्या पुरवणीसाठी विज्ञानावर लेख हवा आहे. “शास्त्रीय काहीतरी द्या, तुम्ही शास्त्रीच आहात,” म्हणाले. ह्या युक्तिवादाने सोनाराला सोनचाफ्याची झाडंही विकता येतील.

सुदैवाने मुसाची लेक महरीन रमजानसाठी घरी आली आहे. मुसा माझा लहानपणापासूनचा सोबती. मिरकरवाडा बंदरावर त्याचा बर्फाचा आणि कोळंबीचा व्यापार. महरीन हैदराबादला उंदरांच्या मेंदूवर संशोधन करते. संध्याकाळी गेलो तेव्हा मुसा रोजा सुटायची वाट बघत खजुरांवर पहारा देत बसला होता.

“काका, मोठ्या माणसाच्या मेंदूत नव्या पेशी तयार होत नाहीत, असं शाळेत शिकलात ना?” महरीनने विचारलं.

“मी पाणिनी शिकलो. त्यात पेशींचा उल्लेख नाही.”

हसली. मग तिने समजावलं ते इतकं स्पष्ट, की पोरीला प्रवचनं लावावीत. पूर्वी समजूत अशी, की मेंदूच्या पेशी जन्मताना मिळतील तेवढ्याच, पुढे नुसता खर्च. पण अठ्ठ्याण्णव साली दिसून आलं, की मोठ्या माणसाच्या मेंदूतही एका लहानशा भागात नव्या पेशी जन्मतात. नवीन गोष्टी लक्षात ठेवायचं काम तोच भाग करतो. “आपला तरवा समजा, काका. शेताच्या कोपऱ्यात भाताची रोपं करतो ना, तसा. मेंदूत लावणी बारा महिने चालू. त्या भागाचा आकार समुद्रघोड्यासारखा आहे, नावही त्याच्यावरूनच पडलंय.”

“समुद्रघोडा?” मुसा खजुरांवरची नजर न हलवता म्हणाला. “माझ्या जाळ्यात येतो तो. ह्याच्या डोक्यात कसा गेला? आम्ही परत पाण्यात टाकतो, खायच्या कामाचा नाय.”

लेखाला उत्तम सुरुवात मिळाली.

७ ऑक्टोबर, शनिवार

काल कोजागिरी. आमच्या इमारतीच्या गच्चीवर सगळे जमले. सावित्रीने केशर-जायफळ घालून दूध आटवलं आणि पेले भरभरून वाटलं. मी भेळ खाल्ली.

मी नऊ वर्षांपूर्वी काशीला दूध सोडलं. काशीला गेलेल्या माणसाने आपल्या आवडीचं काहीतरी तिथे जन्माचं सोडून यायचं, ही आपली जुनी रीत. माझी आवड दूध, म्हणून मी दूध सोडलं. आणि कारण सोडल्यावर कार्य कसं ठेवणार? तेव्हा दही, ताक, लोणी, तूप, सगळं ओघानेच गेलं. मासे-मटण-अंडं आमच्या सात पिढ्यांत नव्हतंच. पण अडलं काही नाही. कोकणात नारळ असताना गाय ही चैन आहे. घरात गवती चहाचा काढा सुरू झाला, दुधाचा रतीब बंद. दूधवाल्याने वर्षभर नमस्कार केला नाही.

सावित्रीने काशीला गवार सोडली. गवार तिला कधीच आवडत नव्हती. विश्वेश्वराने हे चालवून कसं घेतलं, ते तोच जाणे.

९ ऑक्टोबर, सोमवार

लेखाचा उत्तरार्ध घ्यायला महरीनकडे गेलो आणि मीच उत्तरार्धात सापडलो.

तिच्या प्रयोगाचा विषय होमोसिस्टीन. अन्नातल्या प्रथिनांची शरीरात मोडतोड होते तेव्हा हा माल मधल्या टप्प्यावर निघतो. शरीर त्याचं पुन्हा कामाच्या वस्तूत रूपांतर करतं. पण त्यासाठी बी-बारा जीवनसत्त्व आणि फॉलिक आम्ल लागतं. ते कमी पडलं की होमोसिस्टीन रक्तात साचून राहतं. हिने ते उंदरांत वाढवून पाहिलं, तर समुद्रघोड्यातला तरवा विरळ झाला. नव्या पेशी जन्मायला हव्यात तेवढ्या जन्मेनात.

“उंदीर मरतात?”

“नाही हो. चांगले हिंडतात-फिरतात. फक्त नवी रोपं कमी.”

“आणि हे बी-बारा मिळतं कशात?”

“मासे, मटण, अंडी. शाकाहाऱ्यांना फक्त दुधात.” एवढं बोलून ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. “काका, कोजागिरीला दूध घेतलंत?”

मी काशीची कथा सांगितली. जरा रंगवूनच सांगितली. ती अजिबात हसली नाही.

“पायाला मुंग्या येतात?”

“चपलेचा दोष आहे.”

“मी डॉक्टर आहे, पण माझे पेशंट पिंजऱ्यात असतात. तुम्ही उद्याच खऱ्या डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घ्या.”

११ ऑक्टोबर, बुधवार

काल रक्त दिलं. होमोसिस्टीनची तपासणी इथे होत नाही, नमुना मुंबईला जातो. तपासणारा म्हणाला, आमचा माणूस परवा नेईल. परवा? बातमी शिळी होऊ देणं माझ्या रक्तात नाही. बाटली मागून घेतली, पाकिटात घातली, वर ‘तातडीचे’ असं लिहिलं आणि थेट एसटी स्टँड गाठला. फॅक्स येण्याआधी वीस वर्षं मी बातम्यांची पाकिटं कंडक्टरच्या हाती अशीच धाडली आहेत, एक गहाळ झालं नाही. ओळखीचा कंडक्टर भेटला. त्याने पाकीट इंजिनाजवळच्या कप्प्यात जपून ठेवलं. मुंबईला पुतण्या रघूने उतरवून घेतलं.

महरीनला हे सांगायचं राहिलं. सांगेन सवडीने.

१६ ऑक्टोबर, सोमवार

आकडा आला. पंधराच्या आत असावा. माझा अठ्ठ्याहत्तर आहे.

परीक्षेत एवढे गुण मला कधी मिळाले नव्हते.

दुपारी अंथरुणावर पडून धातूंची रूपं म्हणून पाहिली. पहिल्या गणापासून दहाव्यापर्यंत सगळी जागच्या जागी सापडली. मग उठलो, तर ज्या कामासाठी उठलो ते आठवेना. म्हणजे जुनं भात कोठारात सुरक्षित आहे, नवी लावणीच होत नाही. महरीन म्हणते तस्संच. घाम फुटला.

सावित्री म्हणाली, “अहो, घाम पंखा बंद आहे म्हणून.” तिने पंखा लावला. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, “घाम केवढा आलाय, पंखा लावू का?” चेष्टा करायलाही वेळ-काळ असतो.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

“अठ्ठ्याहत्तर?” महरीनने कागद हातात घेतला. “काका, रक्त बर्फातून गेलं होतं ना?”

“बसमधून गेलं.”

“बसमध्ये कुठे?”

“इंजिनाजवळ. तिथे धक्के कमी बसतात.”

ह्यावर मुसा एवढा हसला, की रोजा मोडतो का काय अशी भीती वाटली. महरीनने कपाळाला हात लावला. रक्त तसंच गरम राहिलं, तर त्यातल्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा फुगत जातो. काढल्याबरोबर ते बर्फात ठेवायचं, तासाभरात यंत्रावर फिरवून वरचं पाणी वेगळं करायचं आणि बर्फातूनच पाठवायचं.

“शास्त्री,” मुसा म्हणाला, “बर्फ माझ्याकडे ढिगानं आहे. उद्या रात्री कोळंबीची गाडी मुंबईला जाते. तुझी बाटली मध्ये बशीव. तुझ्या सात पिढ्यांत पहिलीच वेळ ना म्हावऱ्यासंगती जायची?”

“तिला कोळंबीचा स्पर्श होऊ देऊ नकोस.”

“कोळंबीला विचारून बघतो, तिची हरकत नसंल तर.”

२० ऑक्टोबर, शुक्रवार

बर्फातून गेलेल्या रक्ताचा आकडा चव्वेचाळीस. कोळंबीच्या सहवासात चौतीस अंक उतरले, असं मुसा बाजारभर सांगत सुटला आहे. तरीही तिप्पट आहेच. बी-बारा तर जवळजवळ नाहीच. आमच्या डॉक्टरांनी चिमट्यासारखा एक धातूचा काटा वाजवून माझ्या घोट्याला लावला आणि कंप कळतो का विचारलं. उजव्या पायाला जेमतेम कळला. डाव्याला वाटलं, कोणी निर्जीव खुंटी टेकवली आहे.

“चप्पल सुटते ती ह्यामुळे,” डॉक्टर म्हणाले. चांभाराची मनोमन क्षमा मागितली.

इंजेक्शनं घ्यायची, किंवा दूध सुरू करायचं, खरं तर दोन्ही. इंजेक्शन शाकाहारी आहे ना, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, हे जीवनसत्त्व जंतू बनवतात. जंतूंच्या आहाराची चौकशी केली नाही. दूध मात्र नको म्हणालो. वास्तविक व्रतभंग न करणाऱ्या आठ वस्तू शास्त्रकारांनी सांगून ठेवल्या आहेत, त्यांत औषध आहे आणि दूधही आहे. पण जी वस्तू सोडणं हेच व्रत, तिलाच ती सवलत लावायची, हा लबाडीचा अर्थ झाला. सुईने भागतंय, तर विश्वेश्वराला का दुखवा?

मुसाचं मत वेगळं. “मी महिनाभर उपाशी ऱ्हातो, पण सांजच्याला सोडतो. तुझा रोजा नऊ वर्षं सुटतच नाय! अरे, बांग ऐकू येत नाय काय तुला?”

२२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी. यंदा फराळ उत्तम साधला आहे, चकल्या विशेष. मुसाकडे डबा पाठवला. तासाभराने मुसाचा फोन, “वयनींना सांग, दुसरा डबापण पोचला.” सावित्रीने शेजारच्या मुलीबरोबर पुन्हा पाठवला होता. म्हटलं, दानशूरपणा असावा तर असा. ती म्हणाली, “एकच पाठवला. मुसाभावजी आपले काहीतरीच बोलतात.” मी वाद वाढवला नाही, दिवाळीत भांडू नये.

तीन इंजेक्शनं झाली. दंड दुखतो. बुद्धीत फरक अद्याप नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

काल ईद. दरवर्षीप्रमाणे मुसाकडे आम्ही दोघं. मुसाची बायको सुरय्या मोठं पातेलं भरून शीरखुर्मा करते, दुधाचा. माझ्यासाठी नऊ वर्षं एका लहान भांड्यात वेगळा करते, नारळाच्या दुधाचा. ह्या गोष्टीचा उच्चार ती करत नाही आणि मीही करत नाही.

वाट्या भरल्या. सावित्रीने लहान भांड्यातला घेतला.

महरीनने तिच्याकडे पाहिलं. “काकू, तुम्ही त्यातला का? तुम्ही तर गवार सोडली होतीत ना?”

“मला हाच आवडतो.”

“घरी दूध घेता ना पण?”

“रतीब कुठे आहे घरी?” सावित्री अगदी सहज म्हणाली. “एकटीसाठी कोण घेणार? आणि ह्यांच्यासमोर बसून दह्या-दुधाचं खायचं, ते घशाखाली उतरतंय होय?”

“कधीपासून?”

“काशीहून आल्यापासून.”

मुसाने विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोन डबे, पंखा, अजून चार-सहा गोष्टी. मी ज्या थट्टेवारी नेल्या होत्या, त्या एकामागून एक समोर येऊन उभ्या राहिल्या.

निघताना महरीन मला दारापाशी म्हणाली, “काका, काकूंचं रक्त तपासायला हवं. लगेच.”

२८ ऑक्टोबर, शनिवार

सावित्री रक्त द्यायला तयार नाही. सगळे अलंकार वापरून पाहिले.

“मला काय झालंय? चप्पल तुमची सुटते, निकाल तुम्ही चुकवता, आणि सुई मला?”

“फराळाचा डबा दोनदा गेला.”

“एकदाच गेला.”

“दोनदा, सावित्री.”

ती चिडून म्हणाली, “बरं, दोनदा गेला! चकल्या चांगल्या झाल्या होत्या म्हणून गेला!” आणि आत जाऊन भांडी आपटली. रडली का, ते भांड्यांच्या आवाजात कळलं नाही. तेवढ्यासाठीच आपटली असतील.

५ नोव्हेंबर, रविवार

लेख छापून आला. मी शीर्षक दिलं होतं ‘मेंदूतला तरवा’. संपादकांनी केलं ‘शाकाहाऱ्यांनो, सावधान!’ दुपारपर्यंत फोन थांबेनात. गुहागरहून एका सद्गृहस्थाने विचारलं, समुद्रघोडा भाजून खाल्ला तर गुण येतो का. भागोजींचा खास फोन, “दर्शनाला रोज अंडं चालू केलंय. तुमचं रागाबिगात काय घेऊ नका, पण तुम्हीपण करा.”

आनंदाची बातमी म्हणजे आज सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना डाव्या पायाला फरशी गार लागली. तिथेच उभा राहिलो. सावित्रीला हाक मारून सांगितलं, “फरशी गार आहे!” ती म्हणाली, “मग पायपुसण्यावर उभे राहा.” तिला आनंदाचं कारण समजावून सांगितलं, तेव्हा खूप हसली. सकाळ छान गेली.

८ नोव्हेंबर, बुधवार

तहाची कलमं सावित्रीने मांडली.

“मी रक्त देते. पण आधी तुम्ही दूध घ्यायचं.”

“माझं इंजेक्शनांवर भागतंय.”

“तेच ना! तुम्हाला काशीचं पुण्यही हवं आणि डोकंही शाबूत हवं. मला नाही जमायचं तसं. घरात दूध आलं तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही. नऊ वर्षं तसंच चाललंय.”

नऊ वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. पंडितासमोर पूर्वपक्ष मांडावा तशी पदर खोचून उभी होती.

संध्याकाळी दूधवाल्याकडे गेलो. त्याने आधी माझ्याकडे, मग आकाशाकडे पाहिलं. पिशवी घेऊन आलो. तिने तापवलं, दोन पेल्यांत ओतलं, आणि मी पितो का ते बघत समोर बसली. विश्वेश्वराला हात जोडले आणि प्यालो. दुधात नऊ वर्षांत काही सुधारणा झालेली नाही. आधीही एवढंच चांगलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, पण दूध फार गरम होतं.

“साय हवी?” तिने विचारलं.

दोघांनी अर्धी अर्धी घेतली.

१३ नोव्हेंबर, सोमवार

सावित्रीचं रक्त शनिवारी मुंबईला गेलं. मुसा स्वतः आला होता. “वयनींच्या बाटलीसाठी पापलेटची एक पेटी खाली उतरवलीय. शास्त्र्याला कोळंबीत बशीवला होता, वयनींना पापलेटांत. मान ज्याचा त्याला.” सावित्री तोंडावर पदर धरून हसली. सुई टोचताना तिने माझा हात धरला होता, तोही मी दुखतं म्हणून काढून घेईपर्यंत.

निकाल उद्या. रात्री महरीनला हैदराबादला फोन केला. विचारलं, आकडा खूप मोठा आला तर?

“तर बरंच, काका. त्याला औषध आहे. इंजेक्शनं सुरू करायची.”

“आणि विरळ झालेला तरवा? तो पुन्हा उगवतो?”

“उंदरांचं आम्ही बघतोय. माणसांचं अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.”

आकडा चांगला आला तर काय, हे मी विचारलं नाही. तीही बोलली नाही.

काल बाजारातून येताना सावित्री आमच्या वळणावर थांबली. भाजीची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, आणि मी आधी पुढे होईन म्हणून उभी राहिली. तिला वळण आठवत नव्हतं. मी पुढे झालो, ती मागून आली. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

तिचा आकडा पंधराच्या आत आला, तर तिच्या विसरण्याला दुधाचं कारण उरणार नाही, आणि डॉक्टरांकडे द्यायला काही उरणार नाही. मला त्याची भीती वाटते. उद्या तिचा आकडा मोठा यावा, माझ्याहून मोठा यावा, एवढंच मी आज मागितलं आहे.